यंदा गाडीत दादीही

गेल्या महिन्यात या सदरात आपण ईदच्या खर्चाचा हिशोब मांडला होता. त्यातून जे चार पैसे शिल्लक राहिले, त्यावर आमच्या घरात मुलांचा डोळा आहे हे तेव्हाच सांगायला हवं होतं. थोरलीची दहावी मार्चमध्येच उरकली. मधल्याची आणि धाकटीची वार्षिक परीक्षा आटोपली, आणि त्याच रात्री जेवणानंतर दस्तरखान उचलून त्या जागी रस्त्यांचा नकाशा पसरला गेला. मोबाइलमध्ये नकाशा असतोच, पण तो एका वेळी एकाच्याच हातात असतो. कागदाच्या नकाशावर सहा डोकी वाकू शकतात.

मागण्या ठरलेल्या होत्या. बारा वर्षांच्या मधल्याला झुले, घसरगुंड्या आणि पाण्यातल्या लाटा हव्यात. थोरलीला थंडी, धुकं आणि मोबाइलवर टाकण्याजोगे डोंगर. सहा वर्षांच्या धाकटीला हत्ती. आम्हा दोघांना एखादं मोठं शहर, थोडी खरेदी, चार बऱ्या जागचं जेवण. निसर्ग, शहर आणि खेळांचं उद्यान, तिन्ही एकाच फेरीत बसवायचं आणि तेही आपल्या गाडीने, कराडहून. अशा वेळी बहुतेक घरांत जे होतं तेच आमच्याकडे मागच्या वर्षी झालं होतं. सगळ्यांना सगळं देऊन टाकलं होतं.

ती फेरी या सदरात आम्ही कधी लिहिली नाही. पाच दिवसांत नऊ ठिकाणं केली होती. पाचव्या दिवशी शेवटचं ठिकाण संध्याकाळी सहाला पाहून झालं आणि 'एका रात्रीत घरी पोहोचू, लॉजचे पैसे वाचतील' असं म्हणून निघालो. रात्री अडीचच्या सुमाराला आमच्यातल्या ज्याच्या हातात स्टिअरिंग होतं त्याचा डोळा लागला. दुसऱ्याचा तर कधीच लागला होता. गाडीचं डावं चाक डांबर सोडून खडीवर उतरलं, खडखड आवाज झाला आणि मागून मधला ओरडला, "अब्बा!" गाडी रस्त्यावर आली. पुढे एका ढाब्यावर थांबून चहा घेतला. वीस मिनिटं कुणी कुणाशी बोललं नाही. उजाडेपर्यंत आम्ही तिथेच बसून राहिलो.

घरी आल्यावर दादींना काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. मधल्याने दुसऱ्याच दिवशी सांगितलं. दादींनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तुम्ही गावं बघायला गेला होता का मोजायला?"

दादी त्या फेरीत आमच्याबरोबर नव्हत्या. 'तुमच्या गुडघ्यांना झेपणार नाही' असं आम्हीच म्हटलं होतं आणि त्यांनी लगेच मान डोलावली होती. शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, मुलांच्या हातावर शंभर-शंभर रुपये ठेवले. आम्हाला त्या होकाराचं बरंच वाटलं होतं, हे आता लिहिताना लाज वाटते.

म्हणून यंदा नकाशा पसरल्यावर पहिला प्रश्न त्यांना केला. "दादी, तुम्हाला काय बघायचंय?" त्या म्हणाल्या, माझं काय, तुम्ही जाऊन या. पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाल्या, "माझ्या अब्बांच्या घरी भिंतीवर टिपू सुलतानच्या चित्राचं कॅलेंडर होतं. साल संपलं तरी अब्बांनी ते काढलं नाही. त्यांची कबर कुठे आहे रे?"

श्रीरंगपट्टण. म्हैसूरच्या अलीकडे पंधरा-वीस किलोमीटर. थोरलीने नकाशावर तिथे शिसपेन्सिलीने गोल केला, आणि मग आमच्या लक्षात आलं की त्या गोलाभोवती बाकी सगळं आपोआप बसतंय. बेंगळुरू-म्हैसूर रस्त्यावर बिडदीला वंडरला हे मोठं उद्यान आहे. म्हैसूर शहर आहे. म्हैसूरहून बंदीपूरचं जंगल ओलांडलं की ऊटी. शिवाय म्हैसूर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे मे महिन्यात दुपार तापली तरी रात्र निभावते. आधी आमच्या डोक्यात हैदराबाद होतं, पण मेमधल्या तिथल्या उन्हात दिवसभर मोकळ्या जागेत फिरणं म्हणजे स्वतःला शिक्षा करून घेणं. कोकणात नातेवाईक भरपूर आहेत, पण नातेवाइकांकडे जाणं ही सहल नव्हे, तो वेगळा विषय आहे.

आता दिवस. बकरी ईद यंदा मेच्या शेवटच्या आठवड्यात येते आहे, चांद दिसेल त्याप्रमाणे. त्याच्या आधी आठ-दहा दिवस घरी असायलाच हवं. वारही बघावे लागतात, आणि वाचकहो, ही गोष्ट आम्ही मागच्या वर्षी अजिबात केली नव्हती. उद्यानात शनिवार-रविवारी गेलात तर निम्मा दिवस रांगेत जातो. म्हैसूरचं प्राणिसंग्रहालय मंगळवारी बंद असतं. ऊटीला शनिवारी चढणारी गर्दी रविवारी उतरते. हे सगळं मांडून शनिवार, ९ मेला निघायचं ठरलं. सोमवारी उद्यान, मंगळवारी श्रीरंगपट्टण, बुधवारी म्हैसूर, गुरुवारी ऊटीकडे, आणि बाकीचे लोक घाट चढत असतील तेव्हा शनिवारी आपण खाली उतरायचं. यात म्हैसूरच्या राजवाड्याची रविवारची रोषणाई हुकते. हुकू दे.

अंतराचा हिशोब थोरलीने केला. कराडहून बेळगाव, हुबळी, दावणगेरे असं पहिल्या दिवशी सुमारे सव्वाचारशे किलोमीटर. मोबाइल म्हणतो सात तास. मोबाइलला तहान लागत नाही, त्याचे गुडघे आखडत नाहीत आणि कराड ते कोल्हापूर रस्त्यावर रुंदीकरणासाठी काढलेल्या वळणांवर तो धूळ खात उभा राहत नाही. आमचा नियम असा की तो जो वेळ सांगेल त्यात एक तृतीयांश मिळवायचा. म्हणजे साडेनऊ तास. फजर पढून निघालो तर दुपारी तीन-साडेतीनला मुक्काम. दिवसाला सव्वाचारशे-साडेचारशेच्या वर जायचं नाही आणि मगरिबनंतर गाडी चालवायचीच नाही, हे दोन नियम कागदावर लिहून फ्रिजला चिकटवले आहेत. त्यावर सहाही जणांची सही आहे, धाकटीची रंगीत.

थांबे शोधायला वेगळं डोकं लावावं लागलं नाही. जोहरला थांबायचंच आहे, तर जेवण तिथेच. असरला थांबायचंच आहे, तर चहा आणि पाय मोकळे करणं तिथेच. मध्ये सकाळी नाश्त्याचा एक थांबा घेतला की दर अडीच-तीन तासांनी चालकाला उठावंच लागतं. प्रवासात चार रकातींच्या फर्ज नमाजा दोन रकाती पढण्याची सवलत आहे. ती किती अंतरावर सुरू होते, दोन नमाजा एकत्र करता येतात का, हे निघण्यापूर्वी आपल्या मशिदीतल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावं, म्हणजे रस्त्यात वाद होत नाहीत. आमच्याकडे मागच्या वेळी झाला होता, तोही टोलनाक्यावर. दोन मुसल्ले, पाण्याचा एक वेगळा कॅन आणि लोटा डिकीत वरच्या बाजूला ठेवायचा. तळाशी गेलेला मुसल्ला निघेपर्यंत वक्त निघून जातो.

एवढं सगळं ठरलं आणि मग दादी म्हणाल्या, नाही येत.

कारण सांगेनात. आम्ही डॉक्टरांचं नाव काढलं, गाडीतली मधली सीट मोकळी देतो म्हटलं, काही उपयोग नाही. तीन दिवस गेले. शेवटी थोरलीने रात्री त्यांच्या पायाला तेल लावताना काढून घेतलं. दादींना खाली उकिडवं बसता येत नाही. घरी आपण कमोड बसवलाय, पण रस्त्यात काय? मागे एका लग्नाला जाताना त्यांनी सकाळपासून पाणीच प्यायलं नव्हतं, थांबायला लागू नये म्हणून. मांडवात त्यांना चक्कर आली होती आणि आम्ही सगळ्यांनी मिळून उन्हाला दोष दिला होता. गुडघे हे आमचं कारण होतं. त्यांचं कारण हे होतं, आणि मुलाला आणि सुनेला ते सांगणार कसं!

कितीतरी घरांत म्हाताऱ्या माणसांचा प्रवास याच एका गोष्टीवर अडतो आणि कुणी बोलत नाही. बायकांचा तर नक्कीच. मेच्या उन्हात दिवसभर पाणी न पिणं रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाला किती महाग पडू शकतं, हे वेगळं सांगायला नको. तेव्हा आम्ही सगळा आराखडा पुन्हा हाती घेतला. वैद्यकीय साहित्याच्या दुकानात घडी घालता येणारी कमोड खुर्ची मिळते. पहिल्यांदा ती आणली. ती डिकीत मावते का पाहिलं. मावते, एक बॅग कमी करावी लागते. मग प्रत्येक थांबा निवडताना मोठा पेट्रोल पंप किंवा हायवेवरचं मोठं हॉटेल बघितलं, जिथे कमोड असण्याची शक्यता जास्त. मुक्कामाच्या प्रत्येक लॉजला फोन करून तीनच प्रश्न विचारले: खोली तळमजल्यावर आहे का किंवा लिफ्ट आहे का, बाथरूममध्ये कमोड आहे का, गाडी आवारात लावता येते का. 'सगळी सोय आहे मॅडम' हे उत्तर धरायचं नाही. एका ठिकाणी लिफ्ट होती, पण सात पायऱ्या चढून गेल्यावर. ते लॉज कटाप.

खुर्ची घरात आली त्या दिवशी दादी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यांची जुनी बॅग वाळवायला गच्चीवर ठेवली.

पहिला मुक्काम दावणगेरेला. तिथला लोण्याचा डोसा, बेण्णे डोसा म्हणतात तो, रात्रीचं जेवण म्हणून चालतो. दुसऱ्या दिवशी साठ किलोमीटरवर चित्रदुर्ग. एकात एक सात तटबंद्यांचा हा किल्ला खडकांत वसवला आहे, आणि तो खडक दुपारी तव्यासारखा तापतो. म्हणून ऊन चढण्याआधी जाऊन दहाच्या आत बाहेर. हैदर अलीच्या फौजेने वेढा घातला असताना तटातल्या एका फटीतून एकेक शिपाई आत शिरत होता आणि पहारेकऱ्याची बायको ओबव्वा त्यांना मुसळाने टिपत होती, ही तिथली कथा थोरलीने शाळेच्या वाचनालयात वाचलेली आहे. ती फट आजही दाखवतात. दोन दिवसांनी ज्या हैदर अलीच्या कबरीवर फातिहा पढायची, त्याच्याच शिपायांशी लढणाऱ्या बाईची जागा आज बघायची. मुलांनी दोन्ही बघावं. दादी दरवाजाजवळ सावलीत बसतील, आमच्यातलं एक त्यांच्याजवळ थांबेल.

तिथून बेंगळुरू दोनशे किलोमीटर. शहरात न शिरता तुमकूर रस्त्यावरून नाइस रोडने थेट म्हैसूर रस्त्याला लागता येतं. टोल जास्त आहे, पण शहरातल्या गर्दीत दोन तास अडकण्यापेक्षा तो परवडतो. मुक्काम बिडदीजवळच.

उद्यानाविषयी थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण इथे आपल्या घरांतल्या बायका आणि मुली बहुतेक वेळा काठावर पर्स सांभाळत बसलेल्या दिसतात. पाण्याच्या खेळांत सुती कपडे चालत नाहीत. ते भिजून जड होतात, घसरगुंडीवर अडकतात, त्यांचे धागे पाण्याच्या यंत्रणेत जातात. नायलॉन किंवा लायक्रासारखं कापड लागतं. म्हणजे अडचण अंग झाकण्याची नाही, कापडाची आहे. पूर्ण बाह्यांचा, पायघोळ विजारीचा आणि डोक्याला घट्ट बसणाऱ्या टोपीचा पोहण्याचा पोशाख आता सहज मिळतो. थोरलीसाठी आणि तिच्या आईसाठी दोन घेतले. मोकळी ओढणी मात्र झुल्यावर आणि घसरगुंडीवर धोक्याची, तिथे हट्ट करू नये. तरीही जाण्याआधी उद्यानाला फोन करून पोशाखाचं वर्णन सांगून विचारून घ्यावं. दारात जाऊन हुज्जत घालण्यात मुलींचा अख्खा दिवस नासतो.

दुसरी गोष्ट उंचीची. मोठ्या, पोटात गोळा आणणाऱ्या झुल्यांना बहुतेक ठिकाणी १४० सेंटीमीटर उंची लागते. मधल्याला दाराच्या चौकटीला उभा करून मोजला तर १३८. तेव्हापासून तो सकाळ-संध्याकाळ गॅलरीच्या दांडीला लोंबकळतोय आणि दोन वेळा दूध मागतोय. दारावर पेन्सिलीच्या सात खुणा झाल्या आहेत, त्यातल्या दोन त्याने स्वतः टाचा उचलून केलेल्या आहेत. आम्ही त्याला आधीच सांगून ठेवलंय की तिथे माप घेणारा माणूस टाचा बघतो. उंचीअभावी नाही म्हणाले तर तक्रार करायची नाही, ती अट त्याच्या जिवासाठी आहे. त्याच्या जोगे इतर खेळ भरपूर असतात.

उद्यानात सकाळी दार उघडायच्या वेळेला पोहोचायचं. सुरुवातीला गर्दीचे मोठे झुले, जेवणानंतर लगेच झुले नाहीत, दुपारच्या उन्हात पाणी, शेवटी धाकटीचे छोटे खेळ. दादींसाठी सावलीची जागा ठरवून ती सगळ्यांची भेटीची खूण. आणि त्या दिवशी तिथून पुढे गाडी न्यायची नाही. पाण्यात सहा तास खेळलेला माणूस स्टिअरिंगवर झोपतोच. सगळे म्हणतात म्हैसूर काय, दीड-दोन तास. मागच्या वर्षीची खडी अजून आमच्या कानात आहे.

मंगळवारची सकाळ चन्नपट्टणला. २०२३ साली नवा द्रुतगती मार्ग सुरू झाल्यापासून गाड्या या गावाला वळसा घालून निघून जातात, तेव्हा आठवणीने जुन्या रस्त्याला उतरावं लागतं. लाखेच्या रंगांच्या लाकडी खेळण्यांचं हे गाव. टिपूने इराणी कारागीर आणवून ही कला इथे रुजवली असं सांगतात. धाकटीला तिच्या शंभर रुपयांत येईल ते स्वतः निवडू द्यायचं.

आणि मग श्रीरंगपट्टण. कावेरीच्या दोन प्रवाहांमधलं हे बेट. टिपूने आपल्या वडिलांसाठी, १७८२ साली गेलेल्या हैदर अलींसाठी, इथे गुंबज बांधला. वडील, आई फक्र-उन-निसा आणि टिपू स्वतः, तिघांच्या कबरी एकाच घुमटाखाली आहेत. बाहेर काळ्या दगडाचे गुळगुळीत खांब, आत भिंतींवर वाघाच्या पट्ट्यांची नक्षी. तिथून जवळच दरिया दौलत बाग, १७८४ सालचा सागवानी महाल. त्याच्या भिंतींवर रंगवलेली लढाई पाहायला मुलांना अर्धा तास द्यायचा. १७८० मध्ये पोल्लिलूरला हैदर आणि टिपूने इंग्रजांच्या फौजेचा धुव्वा उडवला, ती ही लढाई. चौकोनात कोंडलेले इंग्रज, पालखीत बसलेला त्यांचा जखमी कर्नल बेली, हे सगळं एकेक शोधून काढण्याजोगं आहे. किल्ल्यात मस्जिद-ए-आलाचे दोन मिनार, थोड्या अंतरावर रंगनाथस्वामींचं जुनं मंदिर, आणि ४ मे १७९९ रोजी टिपूचं पार्थिव जिथे सापडलं तिथे एक साधा दगड. या सगळ्या जागा एकमेकींपासून लांब आहेत आणि दादींना चालवायचं नाही. गुंबजवर त्यांना हवा तितका वेळ. उरलेलं गाडीतून दिसेल तितकं.

दादींचा एक उपयोग आमच्या उशिरा लक्षात आला. कन्नड आमच्यापैकी कुणालाच येत नाही. पण हुबळी, दावणगेरेपासून म्हैसूरपर्यंत मुसलमान मोहल्ल्यांत दखनी बोलली जाते, आणि आमच्या घरात ती नीट बोलणाऱ्या आता एकट्या दादीच. मुलं समजतात, बोलत नाहीत. कुठलं हॉटेल हलाल, मशिदीत बायकांना नमाजची जागा आहे का, हे विचारायचं काम त्यांचं. जिथे खात्री नाही तिथे शाकाहारी खाणावळ, भाकरी-भाजी. दोन दिवस पुरतील इतक्या दशम्या आणि चटणी घरून.

बुधवारी पहाटे रंगनतिट्टू. कावेरीतल्या छोट्या बेटांवरचं हे पक्षी अभयारण्य १९४० साली जाहीर झालं, ते डॉ. सलीम अली यांच्या आग्रहामुळे. मुंबईच्या या पक्षीशास्त्रज्ञाचं नाव मुलांनी पाठ्यपुस्तकात वाचलंय. त्यांच्यामुळे वाचलेली जागा प्रत्यक्ष बघणं निराळं. होडीत बसून चित्रबलाक आणि चमच्यांची घरटी जवळून दिसतात, खडकांवर मगरी पहुडलेल्या असतात. आणि हा असा निसर्ग आहे की तो बघायला चढावं लागत नाही, बसावं लागतं. दादींच्या जोगा. दुपारी प्राणिसंग्रहालय, धाकटीच्या हत्तींसाठी, आणि संध्याकाळी राजवाडा बाहेरून.

गुरुवारी बंदीपूरमार्गे ऊटी. जंगलातला हा रस्ता रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो, प्राण्यांसाठी. आपण तसेही उजेडीच जाणार. जंगलात गाडी थांबवायची नाही, माकडांना काही द्यायचं नाही, काचा वर. पुढे मसिनगुडीवरून जवळचा रस्ता आहे, त्यात छत्तीस नागमोडी वळणं आणि अंगावर येणारी चढण आहे. गुडलूरचा रस्ता पस्तीसेक किलोमीटर लांब, पण सोपा. मधल्याला घाटात उलटी होते, तेव्हा गुडलूर. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२४ च्या मेपासून नीलगिरीत बाहेरच्या गाड्यांना ई-पास लागतो. २०२५ च्या उन्हाळ्यात तर रोज ६,००० आणि शनिवार-रविवारी ८,००० गाड्यांची मर्यादा घातली होती. निघण्यापूर्वी त्या वेळचा नियम बघून पास काढून ठेवायचा. पाण्याच्या छोट्या प्लास्टिक बाटल्यांना तिथे बंदी आहे, नाक्यावर तपासतात. स्टीलच्या बाटल्या घ्या. शुक्रवारी ऊटी ते कुन्नूर डोंगरातली छोटी रेल्वे. तिची तिकिटं थोरलीने नकाशा पसरला त्याच आठवड्यात काढली. उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये. ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरला तर ते तापून निकामी होतात.

परतीला तीन दिवस. ऊटी ते म्हैसूर, म्हैसूर ते हुबळी, हुबळी ते कराड. एकूण दहा दिवस, नऊ रात्री, दोन हजार किलोमीटरच्या आत-बाहेर. पेट्रोल चौदा हजार, दोन खोल्यांचे नऊ रात्रींचे साडेएकतीस हजार, जेवण पंधरा, उद्यान दहा, टोल चार, बाकी किरकोळ सहा. ऐंशी हजारांच्या घरात. भिशीचे आणि शिलकीचे मिळून तेवढेच आहेत. गाडी निघण्याच्या आदल्या दिवशी नाही, दहा दिवस आधी गॅरेजला दाखवायची, म्हणजे टायर बदलायला सांगितलं तर वेळ असतो.

वाचकांच्या लक्षात आलं असेल, या सगळ्यात आमचं शहर कुठेच नाही. बेंगळुरूचे दोन दिवस होते. लालबाग होती, हैदर अलींनीच १७६० मध्ये सुरुवात केलेली. विमानांचं संग्रहालय होतं, रेशमाची खरेदी होती, शिवाजीनगरमधलं जेवण होतं. ते ठेवलं तर दिवस बारा होतात आणि खर्च लाखाकडे जातो. नाहीतर रोजचं अंतर वाढवायचं, म्हणजे पुन्हा रात्रीचं गाडी चालवणं. थोरली म्हणाली, ऊटी काढा, मी पुढच्या वर्षी बघेन. दहावीचं अख्खं वर्ष क्लासमध्ये घालवलेल्या मुलीने हे म्हटल्यावर आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि बेंगळुरूवर काट मारली. मन लावून मारली असं म्हणणार नाही. काळ्या काठाची एक साडी अजून डोळ्यांसमोर आहे.

हे लिहीत असताना निघायला तीन आठवडे आहेत. मधला १३८ वरच आहे. दादींची बॅग मात्र भरून दाराजवळ उभी आहे, त्यात औषधांचा डबा, तस्बीह, आणि आमच्या न कळत घातलेली शेंगदाण्याची चटणी. काल त्यांनी थोरलीला रंगनतिट्टूचे फोटो पुन्हा दाखवायला लावले. पक्षी बघितले, मगरी बघितल्या, मग फोटो मोठा करायला सांगितला आणि होडीच्या कडेवर बोट ठेवून विचारलं, "इथून आत चढताना हात धरायला कुणी असतं का गं?"

थोरलीने आज सकाळी तिथे फोन लावला. लागला नाही. उद्या पुन्हा लावणार आहे.